पाटी मराठीत, करार इंग्रजीत

पीएचडीचा विषय काय, असं कोणी विचारलं की मी हल्ली ‘करारांची भाषा’ एवढंच सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे लॉ की लिंग्विस्टिक्स?’ दोन्ही, आणि गाइडचा मूड नसेल तर दोन्ही नाही. आज त्यातला एकच तुकडा तुमच्यासमोर ठेवते. फ्रँचायझी करारात अगदी शेवटी, ‘किरकोळ तरतुदी’ अशा मथळ्याखाली, भाषेबद्दल एक छोटं कलम असतं. वकील ते सहसा वाचत नाहीत, कारण ते सगळीकडे सारखंच असतं. दुकान घेणारा ते वाचत नाही, कारण तिथे पोचेपर्यंत त्याचा धीर संपलेला असतो. मी मात्र गेली दोन वर्षं तेच वाचते आहे, आणि माझं मत असं झालंय की फ्रँचायझी करारातलं खरं भाषेचं कलम ते नव्हेच. ते दुसरीकडे आहे, आणि तिथे ‘भाषा’ हा शब्दसुद्धा येत नाही.

आधी मामांची गोष्ट सांगते, मग मुद्दा पटकन कळेल.

माझे मामा सहकारी बँकेतून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर त्यांचा एक गाळा होता. हाताशी ग्रॅच्युइटीचे पैसे होते आणि घरी बसायची सवय नव्हती. चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी घेतली. (नाव लिहीत नाही, आणि तुम्ही ओळखूही नका. असे ब्रँड बरेच आहेत.) कंपनीचा जो मुलगा यायचा तो चांगला होता, आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. तीन वेळा घरी आला, मामींच्या हातचे पोहे खाऊन गेला. सगळं बोलणं मराठीत झालं. त्यातलं एक वाक्य मामांना तोंडपाठ आहे: ‘काका, हा एरिया तुमचाच. इथं दुसरं कोणी येणार नाही, शब्द आहे.’ मग एक दिवस करार आला. तो इंग्रजीत. मामांनी खुणा केलेल्या जागी सह्या केल्या. आठ महिन्यांनी स्टँडच्या दुसऱ्या फाटकासमोर त्याच ब्रँडचं दुसरं दुकान उघडलं.

तेव्हा मला फोन आला. ‘अगं, त्यानं शब्द दिला होता.’

‘मामा, कागदावर काय लिहिलंय?’

‘कागदावर इंग्रजी लिहिलंय.’

हे वाक्य मी माझ्या वहीत पहिल्या पानावर उतरवून ठेवलंय. मामा अडाणी नाहीत. आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस, इंग्रजी अर्ज, इंग्रजी परिपत्रकं वाचणारा. पण पन्नासेक पानांचा करार वाचणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात लिहिलं होतं की दिलेले अधिकार ‘नॉन-एक्सक्लुझिव्ह’ आहेत आणि आसपास आणखी दुकानं द्यायची की नाही हे कंपनी ‘सोल डिस्क्रिशन’ने ठरवेल. म्हणजे एरिया मामांचा नव्हताच. तो मराठीत त्यांचा होता, इंग्रजीत नव्हता.

आता कराराच्या शेवटी येऊ. तिथली तीन कलमं मी माझ्या शब्दांत सांगते. बहुतेक करारांत ती थोड्याफार फरकाने अशीच असतात.

पहिलं: हा करार इंग्रजीत आहे, सोयीसाठी दुसऱ्या भाषेत भाषांतर केलं, तरी फरक पडल्यास इंग्रजी मजकूरच खरा. दुसरं: दोन्ही पक्षांमध्ये जे काही ठरलं ते सगळं या करारात आलं आहे, याआधीची बोलणी, आश्वासनं, जाहिराती, तोंडी असोत वा लेखी, यापुढे गैरलागू. तिसरं: फ्रँचायझी घेणाऱ्याने करार वाचला आहे, त्याला तो समजला आहे आणि स्वतंत्र सल्ला घ्यायची संधी त्याला मिळाली होती.

अभ्यासक पहिल्या कलमाला भाषेचं कलम म्हणतात आणि त्याच्यावरच लिहितात. पण मामांच्या करारात पहिल्या कलमाने काहीच केलं नाही, कारण मराठी भाषांतर कागदावर नव्हतंच. काम केलं दुसऱ्याने. सौदा ज्या भाषेत झाला होता ती भाषाच त्याने एका ओळीत पुसून टाकली. आणि तिसऱ्याने त्या पुसण्यावर मामांची सही घेतली.

म्हणजे भाषांतर झालं नव्हतं असं नाही. झालं होतं, मामींच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, पोहे खाता खाता. कंपनीच्या माणसाने इंग्रजी करार मराठीत समजावून सांगितला होता. तो कंपनीचा अधिकृत भाषांतरकारच म्हणा ना. फक्त त्याचं भाषांतर कंपनीला बांधील नाही, असं कंपनीने आधीच लिहून ठेवलं होतं. दुकान विकताना मराठी चालते, जबाबदारी घेताना चालत नाही. माझा सगळा आक्षेप एवढाच आहे, आणि त्याच्याभोवती मला तीनशे पानं लिहायची आहेत.

त्या तोंडी भाषांतरात नक्की काय होतं, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. (माझ्या प्रबंधातलं मला सगळ्यात आवडणारं प्रकरण हेच आहे, गाइडला मात्र ते ‘जास्त गप्पांसारखं’ वाटतं.)

‘फ्रँचायझी’ हाच शब्द घ्या. इंग्रजीत हक्क वेगळा, तो देणारा वेगळा, घेणारा वेगळा, तिघांना तीन शब्द. मराठीत आपण सगळ्यालाच फ्रँचायझी म्हणतो आणि त्यापुढे क्रियापद लावतो ‘घेणं’. ‘मामांनी फ्रँचायझी घेतली’ हे वाक्य ‘मामांनी गाळा घेतला’च्या शेजारी अगदी आरामात बसतं. घेतलं म्हणजे आपलं झालं. करारात मात्र काही वर्षांपुरता नाव वापरायचा परवाना असतो, जो मुदत संपल्यावर किंवा त्याआधीही जाऊ शकतो, आणि जाताना पाटी, कप, रंग सगळं काढून द्यावं लागतं. जुनी माणसं तर ‘एजन्सी घेतली’ म्हणतात. गंमत म्हणजे जवळजवळ प्रत्येक करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की फ्रँचायझी घेणारा हा कंपनीचा एजंट नाही. म्हणजे घेणारा ज्या शब्दाने तो व्यवहार ओळखतो, तोच शब्द करार नाकारतो.

‘रॉयल्टी’चं आणखीच वेगळं. गावाकडे रॉयल्टी म्हटलं की मुरूम, वाळू, तहसील कार्यालय आठवतं. जेवढा माल उचलला तेवढी भरायची. लेखकाच्या घरी वाढलेल्याला रॉयल्टी म्हणजे मिळणारा पैसा वाटतो. करारातली रॉयल्टी म्हणजे एकूण विक्रीवर द्यायची टक्केवारी, दुकान तोट्यात असलं तरी. कंपनीचा माणूस मराठीत ती कशी सांगतो? ‘धंद्यावर अमुक टक्के.’ आता मला सांगा, धंदा म्हणजे काय? ‘आज किती धंदा झाला?’ असं विचारलं तर उत्तर गल्ल्याचं येतं, ‘या धंद्यात काही राहिलं नाही’ म्हटलं तर नफ्याचं. एकाच शब्दात विक्री आणि नफा दोन्ही बसतात. कोणी खोटं बोललेलं नाही, सांगणाऱ्याच्या मनात विक्री होती आणि ऐकणाऱ्याच्या मनात शिल्लक.

आणि ‘एरिया तुमचाच’. कायद्याच्या इंग्रजीत ‘एक्सक्लुझिव्ह’ आणि ‘सोल’ यांत फरक करतात. पहिल्यात हक्क देणाऱ्या कंपनीलाही त्या भागात स्वतः दुकान टाकता येत नाही, दुसऱ्यात इतर कोणाला देता येत नाही, पण कंपनी स्वतः येऊ शकते. मराठीत दोन्हींचं भाषांतर एकच, ‘फक्त तुम्हाला’. त्यात करारातलं ‘मे’ आणि ‘शॅल’ आलं की संपलंच. ‘कंपनी जाहिरातीसाठी मदत करेल’ हे मराठी वाक्य आश्वासन आहे, सवलत आहे की नुसता अंदाज, हे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरतं. इंग्रजीत तिथे ‘मे’ असेल तर ते काहीच नाही.

असं असताना कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम १३ मला फार आवडतं. संमती म्हणजे काय, तर दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्य झाली पाहिजेत. एकाच गोष्टीला आणि एकाच अर्थाने. हे वाचून मला पहिल्यांदा वाटलं होतं, झालं, मामा जिंकले. धंदा या शब्दाचे दोन अर्थ दोघांच्या मनात होते, म्हणजे संमतीच नाही!

तसं होत नाही. कोर्टाला मनात शिरता येत नाही म्हणून कोर्ट सही बघतं. याचा नमुना म्हणून आम्हाला पहिल्या वर्षाला एक इंग्लिश खटला शिकवतात, १९३४ चा लेस्ट्रेंज विरुद्ध ग्राउकोब. वेल्समधल्या लँडिड्नो गावात एक बाई छोटा कॅफे चालवायच्या. त्यांनी सिगारेट विकणारं स्वयंचलित मशीन घेतलं, ते नीट चालेना. पण ज्या तपकिरी कागदावर त्यांनी सही केली होती त्यावर बारीक अक्षरात कंपनीची जबाबदारी नाकारलेली होती. कोर्ट म्हणालं, सही केलीत, वाचलं असो वा नसो, बांधील आहात. एका न्यायमूर्तींनी निकाल देताना खेदही व्यक्त केला. कंपनीच्या बाजूने उभे होते आल्फ्रेड डेनिंग, जे पुढे न्यायाधीश झाल्यावर अशाच करारांवर तुटून पडले. मला या खटल्यात नेहमी तो कॅफे दिसतो. नव्वद वर्षं झाली, तरी गोष्ट तीच, चहाचं दुकान आणि न वाचलेला कागद. फरक इतकाच की त्या बाईंना निदान कागदाची भाषा येत होती.

आपल्याकडे सहीच्या जोडीला पुराव्याचा कायदाही आहे. करार लेखी असेल तर त्याच्या विरोधात जाणारं तोंडी बोलणं पुरावा म्हणून सहसा घेता येत नाही. जुन्या कायद्यात हे कलम ९१ आणि ९२ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ९४ आणि ९५ आहे. फसवणूक झाली असेल तर ती तोंडी पुराव्यानेही सिद्ध करता येते, तेवढी खिडकी उघडी आहे. पण समोरच्याने जाणूनबुजून फसवलं हे दाखवणं अवघड, आणि पोहे खाणाऱ्या त्या मुलाने तसं केलं होतं असं मामांनाही वाटत नाही. त्याला जसं शिकवलं तसं तो बोलला. बरं, नुसतं चुकीचं सांगितलं म्हणावं, तर करार कायद्याच्या कलम १९ मध्ये एक अपवाद आहे: साध्या दक्षतेने तुम्हाला खरं कळू शकत होतं, तर करार रद्द करता येत नाही. खरं कुठे कळलं असतं? हातात दिलेल्या पन्नास पानांत. इंग्रजी करार हातात देणं हेच तुम्हाला खरं सांगणं झालं!

विषम ताकदीचं काय, असं तुम्ही विचाराल. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजो नाथ गांगुली खटल्यात म्हटलं की दुबळ्या पक्षावर लादलेली अन्याय्य कलमं टिकणार नाहीत. पण त्याच निकालात एक वाक्य आहे की दोन्ही पक्ष व्यावसायिक असतील आणि व्यवहार व्यापारी असेल तर हे तत्त्व लागू होईलच असं नाही. फ्रँचायझी करारावर सही करताक्षणी मामा व्यावसायिक झाले. आदल्या दिवशीपर्यंत ते पेन्शनर होते.

आणि फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा? भारतात नाही. करार कायदा, ट्रेडमार्क कायदा, स्पर्धा कायदा असे तुकडे जोडून काम चालतं. आपल्या कायद्याने फ्रँचायझीची व्याख्या केली ती सेवाकर लावण्यासाठी, २००३ साली. कर घ्यायला व्याख्या लागली, माहिती द्यायला लागली नाही.

आता एक विरोधाभास बघा. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत असलीच पाहिजे, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीने हे अगदी छोट्या दुकानांनाही लागू झालं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मामांची पाटी मराठीत आहे, सुंदर आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकान कोणाचं हे मराठीत कळलंच पाहिजे. दुकान ज्याच्या नावावर आहे त्याला ते आपलं किती, हे मराठीत कळायची सोय नाही. दुसरं, हाच दुकानदार फ्रँचायझीची फी भरायला एखाद्या बिगरबँक वित्तसंस्थेकडून कर्ज घेतो, तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्जदाराशी सगळा व्यवहार त्याला कळेल अशा भाषेत हवा. म्हणजे फ्रँचायझीसाठी काढलेलं कर्ज कळायला हवं, फ्रँचायझी नाही कळली तरी चालेल. तिसरं तर मला सापडलं तेव्हा मी ग्रंथालयात एकटीच हसले. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १९. नोंदणीसाठी आणलेला दस्त नोंदणी अधिकाऱ्याला न कळणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात न वापरल्या जाणाऱ्या भाषेत असेल, तर त्याने तो परत पाठवायचा, खरं भाषांतर जोडलं तरच घ्यायचा. ज्याने शिक्का मारायचा त्याला कळलं पाहिजे, याची काळजी कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच घेतली आहे.

मग उपाय काय? बाहेरच्या देशांनी भाषेची सक्ती करून पाहिली आहे. व्हिएतनामने २००६ च्या फ्रँचायझीविषयक आदेशातच लिहून टाकलं की करार व्हिएतनामी भाषेत हवा (तिथली कंपनी बाहेर फ्रँचायझी देत असेल तर मात्र भाषा आपसांत ठरवा). इंडोनेशियाचा अनुभव जास्त बोलका आहे. तिथे २००९ च्या भाषा कायद्याने इंडोनेशियन पक्ष असलेल्या करारांना इंडोनेशियन भाषा बंधनकारक केली. २०१३ मध्ये पश्चिम जकार्ताच्या न्यायालयाने एका अमेरिकी कंपनीने दिलेल्या कर्जाचा करार केवळ तो इंग्रजीतच होता म्हणून रद्दबातल ठरवला, आणि पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. वाचताना टाळी वाजवावीशी वाटते. पण कर्ज घेणारी ती एक कंपनी होती, तिला करार कळला नव्हता असा खरा प्रश्नच नव्हता. भाषेचा कायदा कर्ज चुकवायच्या कामी आला. पुढे काय झालं? सगळे दोन भाषांत करार करू लागले, आणि फरक पडल्यास इंग्रजी खरं असं कलम घालू लागले, २०१९ च्या अध्यक्षीय नियमांनी तशी मोकळीकही दिली. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रकच काढलं की भाषांतर नसणं हे एवढ्यावर करार रद्द करायचं कारण नाही, भाषांतर न करण्यात कोणाचा वाईट हेतू होता हे दाखवलं तरच.

म्हणजे आधी शस्त्र, मग औपचारिकता. जे भाषांतर बांधील नाही, ते माझ्या लेखी माहितीपत्रक आहे. छापील असलं तरी.

आंतरराष्ट्रीय लेखनावरही माझा हाच राग आहे. युनिद्रुआ या संस्थेच्या करारतत्त्वांमध्ये भाषांच्या फरकावर एक नियम आहे: दोन भाषांतले मजकूर सारखेच अधिकृत असतील आणि त्यांत फरक निघाला, तर मूळ ज्या भाषेत करार लिहिला गेला तिच्याकडे झुकतं माप द्या. नियम शहाणपणाचा आहे. पण त्याच्या डोळ्यांसमोर दोन कंपन्या आहेत, दोन्हींकडे वकील, दोन्हींकडे छापील मजकूर. याच संस्थेचं फ्रँचायझीवरचं मार्गदर्शक पुस्तक तर नावापासूनच मास्टर फ्रँचायझीचं आहे, म्हणजे अख्खा देश घेणाऱ्याचं. स्टँडसमोरचा गाळा घेणारा या लेखनात येतच नाही. त्याच्याकडे दुसरा मजकूर नसतो, असतो तो आवाज. आणि ‘मूळ भाषा’ म्हणाल तर मामांचा सौदा मुळात मराठीतच झाला होता!

गाइडने इथे मला अडवलं. ‘समजा करार मराठीत केला. कुठली मराठी? प्रतिफल, विवेकाधिकार, अभिहस्तांतरण. मामांना कळेल?’ प्रश्न रास्त आहे. हाउसिंग सोसायटीत ‘मानीव अभिहस्तांतरण’ म्हणून बघा, मग सगळे सभासद ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणून त्याचं तुमच्यासाठी मराठीत भाषांतर करतील. सरकारी कायद्याची मराठी ही मामांसाठी दुसरी इंग्रजीच आहे. म्हणून नुसत्या सक्तीच्या भाषांतरावर माझा विश्वास नाही, हे या विषयावर काम करणाऱ्या मुलीने म्हणणं जरा विचित्र वाटेल, पण नाही.

मला क्यूबेककडे बघावंसं वाटतं, आणि तेही तिथल्या ज्या कायद्याची बातमी होते त्यामुळे नाही. बातमी होते ती फ्रेंच भाषेच्या सनदेची. १९७७ पासून तिथे एका पक्षाने तयार करून दुसऱ्यापुढे ठेवलेले करार फ्रेंचमध्ये हवेत, पक्षांची स्पष्ट इच्छा असेल तर दुसऱ्या भाषेत चालतील. झालं काय, तर प्रत्येक इंग्रजी कराराच्या शेवटी ‘पक्षांच्या स्पष्ट इच्छेनुसार हा करार इंग्रजीत केला आहे’ अशी एक ओळ आपोआप येऊ लागली. इच्छासुद्धा छापील. २०२२ च्या दुरुस्तीने हे बदललं. १ जून २०२३ पासून आधी फ्रेंच प्रत हातात द्यायची, त्यानंतर समोरचा हवं तर दुसरी भाषा निवडेल. चांगलंच आहे. पण माझ्या कामाचं आहे ते तिथल्या दिवाणी संहितेचं कलम १४३६, ज्याचा फ्रेंचशी काही संबंध नाही. ते म्हणतं: अशा तयार करारातलं एखादं कलम वाचता न येणारं किंवा समजण्यापलीकडचं असेल आणि त्यामुळे सही करणाऱ्याचं नुकसान झालं, तर ते कलम रद्द, कंपनीने ते कलम नीट समजावून सांगितलं होतं हे कंपनीनेच सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. (फ्रँचायझी करार तिथेही दर वेळी ‘तयार करार’ ठरतोच असं नाही, बोलणी किती झाली ते बघतात.)

फरक लक्षात आला? इथे ‘मला समजलं नव्हतं’ हे मामांनी सिद्ध करायचं. तिथे ‘आम्ही समजावलं होतं’ हे कंपनीने दाखवायचं. आणि समजावलं म्हणजे काय समजावलं, हे आलंच. मग ‘एरिया तुमचाच’ हे वाक्य पुसून टाकणं कंपनीच्या फायद्याचं राहत नाही, ते जपून ठेवावं लागतं.

हे आपल्याला परकं आहे असं वाटत असेल तर घरातला जुना दस्त काढा. त्यात पक्षांची नावं ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी असतात. शेवटी राजीखुशीने, अक्कलहुशारीने वगैरे झाल्यावर येतं, ‘वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे’. आज ती नुसती रीत उरली आहे, पण त्या ‘वाचून दाखविले’मध्ये कोणीतरी वाचणारा आहे आणि कोणीतरी ऐकणारा. पडद्यातल्या स्त्रियांच्या आणि निरक्षरांच्या सह्यांबाबत आपली न्यायालयं ब्रिटिश काळापासून हेच म्हणत आली आहेत की दस्ताचा फायदा घेणाऱ्याने तो समजावून दिला होता हे दाखवावं. या संरक्षणाच्या दाराशी अट आहे ती पडद्याची किंवा अंगठ्याची. सही इंग्रजीत करता येणारा, पण करार इंग्रजीत वाचू न शकणारा माणूस मधल्यामध्ये राहतो. अशी माणसं किती असतील, तुमच्याच नात्यात मोजून बघा.

माझं म्हणणं कच्चं कुठे आहे तेही सांगते. कंपन्या म्हणतील, असं केलं तर आम्ही प्रत्येक बैठकीचं रेकॉर्डिंग करू, आणि तो पोहे खाणारा मुलगा कागदावरचं सोडून एक शब्द बोलणार नाही. बोलू नये! पण मग फ्रँचायझी महाग होईल, छोट्या गावात येणारच नाही, हाही एक धोका आहे आणि त्याचं पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय मामांसारखा माणूस समजावून सांगितल्यावरही सही करेल. त्यांना दुकान हवं होतं.

मामांचं दुकान चालू आहे. वकिलाने सांगितलं की करारात लवादाचं कलम आहे, ठिकाण कंपनीच्या शहरात, भाषा इंग्रजी. लवाद कायद्यात भाषा पक्षांनी ठरवायची असते, आणि कागदपत्रांची भाषांतरं जोडायला लवाद सांगू शकतो. म्हणजे त्या मुलाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मराठी व्हॉइस मेसेज आधी उतरवून, मग इंग्रजीत करून, पानाला इतके पैसे देऊन सादर करायचे. तेही चालतील की नाही ते नंतर. मामांनी नको म्हटलं.

मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या बहिणीने बारामतीहून असाच एक करार पाठवला, केकच्या दुकानाचा. सही व्हायची होती. तिला मी करार समजावून सांगितला नाही, वेगळंच करायला लावलं. कंपनीच्या माणसाने जे जे मराठीत सांगितलं होतं ते तिने सात ओळींत मराठीतच लिहून कंपनीला ईमेल केलं. एरिया किती, टक्केवारी कशावर, डिपॉझिट परत कधी. खाली एक ओळ: ‘हे बरोबर आहे का, आणि करारात कुठल्या पानावर आहे, ते कळवावे.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ईमेलने नाही, फोनवर. मराठीत.